जुन्या बाईंच्या तीन चांदण्या

हे घडलेलं आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मावसभावाचं नाही. माझ्या धाकट्या सुनेच्या बाबतीत घडलंय, आणि ती बाई खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात. त्या शुक्रवारी ती घरी येऊन बोलत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. कानांकडे बघत होते.

कान पांढरेफटक होते.

आणि रात्र नव्हती बरं का. या पानावरच्या बऱ्याच जणांची भुतं घड्याळ लावल्यासारखी बाराच्या ठोक्याला येतात. हे भरदुपारी झालं. शुक्रवार, दोन ते चारच्या मधे. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट.

जागा म्हणजे एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर. तळमजला. पुढं पेशंटना बसायला खुर्च्यांच्या तीन रांगा, मग काउंटर, मग एक लांबट बोळ. बोळाच्या अलीकडच्या तोंडाशी टायपिंगचं टेबल, पलीकडच्या टोकाला डॉक्टरांची खोली.

मधे अकरा पावलं.

धाकटी त्या टेबलावर बसायची. माझ्या धाकट्या मुलाचा कारखाना बंद पडला, तो घरात बसून भिंतींशी भांडायला लागला, तेव्हा हिनंच उठून ही नोकरी शोधली. आधी मी नाक मुरडलं होतं, खोटं कशाला बोलू? पण महिनाभरात घरात पुन्हा माणसं हसून बोलायला लागली ती हिच्या जिवावर. बोली अशी होती की तीन महिने बघणार, काम जमलं तर कायम, नाही तर नमस्कार.

काम ऐकायला सोपं. डॉक्टर फोटो बघत बघत एका छोट्या यंत्रात बोलणार. ते यंत्र टायपिस्टच्या टेबलावर येणार. टेबलाखाली पायाशी एक पेडल, शिलाई मशीनला असतं तसं. पाय दाबला की डॉक्टरांचा आवाज सुरू, पाय उचलला की बंद, आणि आवाज दोन शब्द मागं येऊन थांबतो. ऐकायचं, टाइप करायचं, छापायचं, सहीला पाठवायचं.

पण कॉम्प्युटर म्हातारा. सोनोग्राफीच्या मशीनची वायर फक्त त्यालाच बसायची, म्हणून त्याला हलवायची सोय नव्हती. आणि त्यात टायपिंगचं जे ऑफिसचं सॉफ्टवेअर होतं ते त्याच्याहून म्हातारं. दर दहा मिनिटांनी गोठायचं. डॉक्टरांनी नवीन घेतलं होतं, रिपोर्ट थेट हॉस्पिटलच्या फोनवर पाठवणारं. पण जुनं पूर्ण निघाल्याशिवाय नवीन आत पाऊलच ठेवीना.

सोमवारी डॉक्टरांनी तिला बोलावलं.

"कंपनीचा माणूस शुक्रवारी चारला येतोय. त्याच्या आत जुनं साफ झालेलं पाहिजे. त्याची पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. तेवढं मी थांबणार नाही, टायपिंग सरळ बाहेर देईन."

"मग मी, सर?"

"तुमचे तीन महिने पण शुक्रवारीच संपतायत ना?"

एवढं बोलून ते फोटो बघायला लागले. हाडं बघून बघून माणूस हाडासारखाच होत असेल.

सोमवारी दुपारी सेंटर जेवायला बंद झाल्यावर धाकटी कामाला लागली. यादीत गेली, जुन्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं, 'काढून टाका' दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. निम्मी झाली... पाऊण झाली... अगदी शेवटाला टेकली...

आणि मागं फिरली.

हळूहळू, तितक्याच वेगानं, पुन्हा पहिल्या टोकाला. 'काढता आले नाही.' एवढंच.

तिनं पाच वेळा केलं. पाच वेळा तसंच.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, टकला, गळ्यात दोरीला तीन पेनड्राइव्ह अडकवलेला. सेंटरमध्ये सगळे त्याला 'ताईत' म्हणायचे.

"मॅडम, असं हट्टी सॉफ्टवेअर मी रोज दोन काढतो," तो म्हणाला. "वरून काढलं तर मुळं राहतात. मुळं खणायची."

त्यानं मुळं खणली. कॉम्प्युटर वेगळ्या रीतीनं चालू केला, लपवलेल्या फोल्डरमध्ये गेला, एक एक नोंद शोधून पुसली, पेनड्राइव्हमधलं सफाईचं औजार दोनदा फिरवलं. बंद केला, चालू केला. पडद्यावर त्याचं चित्र नाही, यादीत नाव नाही. दोघांनी डोळ्यांनी बघितलं.

"निघालं. पेढे देणार की चहावर भागवणार?"

हिनं चहा दिला. घरी आली ती नुसती तरंगत.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर लावला...

चित्र जागच्या जागी होतं.

ताईताला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "शक्यच नाही." मग म्हणाला, "आता वापरा तसंच, शुक्रवारी दुपारी फोनवर सांगतो तसं करा." पेशंट खोळंबले होते. ती त्याच जुन्यावर टाइप करत बसली.

आणि त्याच दिवशी पहिल्यांदा त्या दिसल्या.

एका बाईंच्या छातीच्या फोटोचा रिपोर्ट. टाइप करून झाला, छापायच्या आधी तिनं वर नजर टाकली. जिथं वय लिहिलं होतं, तिथं वय नव्हतं.

तीन चांदण्या होत्या.

तो आकड्यांच्या वर असतो ना बारीक तारा, तो. एकापुढं एक तीन.

तिला वाटलं बोट लागलं असेल. पुसल्या, वय घातलं. पुढच्या रिपोर्टमध्ये तारखेच्या जागी तीन चांदण्या. पुसल्या. तिनं सहज की-बोर्डकडे बघितलं. सगळ्या बटणांवरची अक्षरं शाबूत होती. एकच बटण घासून गुळगुळीत झालं होतं. चांदणीचं.

काउंटरवर टोकन देणाऱ्या काकू होत्या, वीस वर्षं तिथं असलेल्या. त्यांना हाक मारून हिनं हसत हसत दाखवलं. "काकू, बघा ना, कॉम्प्युटरला नक्षी सुचायला लागली."

काकू वाकल्या. बघितलं. हसल्या नाहीत.

"तू टाकल्यास?"

"नाही हो. आपोआप येतायत."

काकूंनी काउंटरवरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. "जुन्या बाई टाकायच्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधीच्या. अठरा वर्षं याच खुर्चीवर. कुठंही शंका आली ना, की तिथं तीन चांदण्या टाकायच्या आणि उठून डॉक्टरांना विचारायला जायच्या. विचारल्याशिवाय त्या जागी अक्षर नाही. डॉक्टर वैतागायचे, पण त्यांच्या एका रिपोर्टवर कुणी बोट ठेवलं नाही कधी. आणि प्रत्येक पेशंटला कोरं पान घ्यायच्या. एकदा मदतीला आलेल्या एकीनं जुन्याच रिपोर्टवर नाव बदलून टाइप केलं तर तिला असं झापलं होतं म्हणतेस..."

धाकटीनं उघडी फाइल झटकन बंद केली.

कारण ती पहिल्या दिवसापासून तेच करत होती. आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघडायचा, नाव बदलायचं, मधलं बदलायचं, छापायचं. निम्मा वेळ वाचतो. तिला वाटायचं, आपण हुशार.

"कुठं असतात आता त्या?" हिनं विचारलं.

काकूंनी बोळाकडे बोट केलं.

"चांदण्या टाकल्या, खुर्ची मागं सारली, विचारायला निघाल्या. तिथं, त्या दिव्याखाली पडल्या. हृदय. डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचल्याच नाहीत."

रात्री धाकटीनं मला हे सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मेलेली माणसं टायपिंग करत बसली तर जिवंतांना नोकऱ्या कुठून मिळायच्या? जुनं यंत्र आहे, त्याला जुनी सवय लागलीय. झोप." ताईतानंही फोनवर तेच सांगितलं होतं, जुन्या बाईंचं काहीतरी सेटिंग राहिलंय म्हणून. मी तिला झोप म्हटलं खरं, पण मला लागली नाही.

गुरुवार. गर्दी एवढी की काकूंची टोकनं संपली.

सत्ताविसाव्या नंबरला एक शाळेची बस चालवणारे गृहस्थ होते. गप्पिष्ट. सोनोग्राफी झाल्यावर हिच्या टेबलाशी रेलून उभे राहिले.

"ताई, लवकर द्या. शनिवारी सकाळी सातला ऑपरेशन आहे. एक किडनी काढणार म्हणतायत. आजच दाखल व्हायचंय."

"घाबरलात का?"

"मी कशाला? चाळीस पोरं रोज घेऊन जातो, त्यापुढं डॉक्टर काय चीज आहे!" असं म्हणून हसले. पण रुमालाची त्यांनी दोरी करून टाकली होती पिळून पिळून.

हिनं पेडल दाबलं. ऐकलं. आधीच्या पेशंटचाही किडनीचाच रिपोर्ट होता, तोच उघडला. नाव बदललं. मधल्या ओळी बदलल्या. छापायला गेली...

शेवटच्या ओळीत, निष्कर्ष लिहितात तिथं, एक शब्द गायब होता.

तीन चांदण्या.

इथं काय होतं? तिला आठवलं, 'उजव्या' होतं. तिनं चांदण्या पुसल्या, 'उजव्या' लिहिलं. डोळा लवायच्या आत पुन्हा चांदण्या. पुन्हा पुसल्या. पुन्हा आल्या. मागं अठ्ठावीस, एकोणतीस, तीस नंबर ताटकळत होते, एक लहान मूल भोकाड पसरून रडत होतं. चौथ्यांदा 'उजव्या' लिहिलं आणि एका हातानं लिहिता लिहिता दुसऱ्या हातानं छापायचं बटण दाबलं.

कागद नीट छापून आला. सहीच्या गठ्ठ्यात गेला, सही होऊन आला. बसवाले कपाळाला लावून घेऊन गेले.

त्याच वेळी तिला मागं आवाज आला.

खुर्चीची चाकं सरकल्यासारखा.

ती खुर्चीवरच बसलेली होती. खुर्ची हलली नव्हती.

मग बोळात पावलं. रबरी चपलेची, सावकाश. एक... दोन... तीन... सहा... सात...

आणि थांबली.

तिनं वळून बघितलं. बोळ रिकामा होता.

आता शुक्रवार.

सकाळचे रिपोर्ट डॉक्टरांनी नव्या सॉफ्टवेअरसाठी संध्याकाळवर ठेवले होते. दोनला सेंटर बंद झालं. काकू घरी गेल्या. डॉक्टर त्यांच्या खोलीत दार लावून आडवे झाले. दोन ते चार त्यांना उठवायचं नाही, हा तिथला कायदा. हिच्याकडे दोन तास होते. चारला कंपनीचा माणूस.

कानाला फोन लावून ताईत सांगेल तसं ती करत गेली. हिरवी पट्टी सरकली. शेवटाला टेकली. या वेळी मागं फिरली नाही. एक चौकोन उघडला.

'सॉफ्टवेअर काढता येत नाही. फाइल क्रमांक २७ वापरात आहे. आधी ती बंद करा.'

"सत्तावीस नंबर बंद करा, मॅडम," ताईत म्हणाला.

"उघडलेलीच नाहीये. एकही फाइल उघडी नाही."

"मग कॉम्प्युटर बंद करून लावा."

लावला. तोच चौकोन. फक्त मजकूर थोडा वेगळा.

'फाइल क्रमांक २७ दुसऱ्या व्यक्तीने उघडली आहे.'

"दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर उघडली असेल," ताईत म्हणाला. "नेटची वायर काढा."

"सकाळीच काढलीय."

"मग दुसरा कॉम्प्युटर..."

"दुसरा नाहीच आहे इथं. एकच आहे!"

पलीकडे ताईत खाकरला. मग म्हणाला, "मॅडम, दुसरा फोन येतोय," आणि ठेवून दिला. चांगला ताईत! वेळेला गळ्यातून निसटणारा.

घड्याळात तीनला दहा कमी होते.

धाकटीनं डोकं चालवलं. बिघाड त्या फाइलीत आहे ना? मग फाइलच उडवायची. कागद तर कालच गेलाय, आता फाइल कुणाला हवी? तिनं सत्तावीस नंबर शोधला, त्यावर बाण नेला. 'नष्ट करा' वर बोट ठेवलं. दाबणार...

खट्ट.

टेबलाखाली.

तिचे दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर होते. पेडलपासून वीतभर लांब.

टेबलावरच्या छोट्या यंत्रातून डॉक्टरांचा आवाज आला. "...डाव्या किडनीच्या..."

खट्ट. बंद.

तिनं श्वास धरला. ते यंत्र तिनं आज चालूसुद्धा केलं नव्हतं.

खट्ट. "...डाव्या किडनीच्या..." खट्ट.

दोन शब्द मागं. पुन्हा.

खट्ट. "...डाव्या..."

तिनं खाली वाकून बघितलं नाही. मला म्हणाली, "आई, वाकले असते तर मी परत वर आलेच नसते." तिनं 'नष्ट करा' वरचं बोट काढलं आणि सत्तावीस नंबर उघडला.

वरच्या ओळींत सगळीकडे डावी. डाव्या किडनीत गाठ, डाव्या किडनीचा आकार. उजवी किडनी व्यवस्थित.

शेवटची ओळ. निष्कर्ष. '*** किडनीच्या शस्त्रक्रियेचा सल्ला.'

आणि कागदावर तिनं स्वतःच्या हातानं, चार वेळा, 'उजव्या' लिहिलं होतं.

ते 'उजव्या' बसवाल्यांचं नव्हतंच. त्यांच्या आधीच्या पेशंटचं होतं. वरचं सगळं बदललं आणि शेवटची ओळ तशीच राहिली.



सर्जन स्वतः फोटो बघतात, वरचं वाचतात, म्हणे. पण 'म्हणे'वर कुणाची धड किडनी ठेवायची? घाईतला माणूस निष्कर्षच वाचतो, हे ती तीन महिने बघत होती. सही करतानाही तेच झालं होतं.

पहिला विचार काय आला, तेही तिनं लपवलं नाही. तिला वाटलं, डॉक्टरांना कशाला कळायला हवं? चूक दुरुस्त करू, नवीन कागद छापू, बसवाल्यांना फोन करू, सांगू की त्या कागदावर शाई फिसकटलीय, बदलून घ्या. आज शेवटचा दिवस. आज चूक कबूल केली की नोकरी गेलीच. घरी नवरा बसलेला.

तिनं रजिस्टरमधून नंबर काढून फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. बंद.

चारनंतर लावू. संध्याकाळी लावू. लागेल कधीतरी.

असं तिनं मनात म्हटलं मात्र...

मागं खुर्चीची चाकं सरकली.

ती खुर्चीवरच होती.

रबरी चपला. एक... दोन... तीन...

पावलं तिच्या पाठीमागून निघून बोळात चालली होती. चार... पाच... सहा... सात.

थांबली.

दिव्याखाली. तिथंच.

आणि मग काहीच नाही. रस्त्यावरचा गोंगाटसुद्धा ऐकू येईना. कॉम्प्युटरचा पंखा थांबला होता. कुणीतरी बोळाच्या मधोमध उभं राहून आपली वाट बघतंय, असं तिला वाटलं. रागानं नाही. विचारायला निघालेलं माणूस सोबतीला थांबावं तसं.

धाकटी उठली.

माझी सून झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते. ती त्या बोळात शिरली. रजिस्टर छातीशी धरलेलं. एक... दोन... पाचव्या पावलाला हवा गार लागायला लागली. सातव्या पावलाला तिचे दात वाजत होते. दिव्याखाली ती क्षणभर थबकली. अजूनही परत फिरता आलं असतं.

तिनं आठवं पाऊल टाकलं.

शेजारी रबरी चपलेचं आठवं पाऊल पडलं.

नऊ. दोघींचं.

दहा.

अकरा.

समोर डॉक्टरांचं दार. तिनं वाजवायला हात वर केला...

टक टक.

तिचा हात अजून दाराला लागला नव्हता.

आतून डॉक्टरांचा झोपेतला आवाज आला. "या, बाई. विचारा."

डॉक्टर तिला 'मॅडम' म्हणायचे. तीन महिन्यांत एकदाही 'बाई' म्हटलं नव्हतं.

दार उघडलं. डॉक्टर कोचावर उठून बसले, चष्मा लावला, हिच्याकडे बघितलं. मग हिच्या खांद्यावरून मागं बघितलं. बराच वेळ.

"तुम्ही एकट्याच आहात?"

"हो, सर."

"मला वाटलं..." म्हणून ते थांबले.

तिनं एका दमात सगळं सांगितलं. चांदण्यांचं नाही, पावलांचं नाही. चुकीचं. डावी, उजवी, आणि आपण जुन्या रिपोर्टवर टाइप करतो ते. डॉक्टरांनी मधेच हात वर करून तिला थांबवलं आणि सर्जनना फोन लावला.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग सर्जन म्हणाले, "माझ्याकडे उजवी लिहिलंय. आमच्या उद्याच्या यादीतही उजवीच चढलंय."

"डावी आहे," डॉक्टर म्हणाले. "यादी बदला. मी स्वतः येऊन फोटो दाखवतो."

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. "जुन्या फाइलवर टाइप करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. वेळ वाचतो म्हणून मीच."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी फोटोंचं पाकीट उचललं. गाडीची किल्ली घेतली. बोळातून जाताना दिव्याखाली जरा बाजूनं गेले, तिथं कुणी उभं असल्यासारखे. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

धाकटी टेबलाशी आली. पंखा पुन्हा सुरू झाला होता. नोकरी तर गेली, निदान काम तरी पुरं करून जावं, म्हणून तिनं 'काढून टाका' दाबलं.

हिरवी पट्टी सरकली. निम्मी. पाऊण. शेवट.

'काढले.'

ना चौकोन, ना तक्रार. चार वाजता कंपनीचा माणूस आला तेव्हा पडदा धुतल्यासारखा होता.

त्यानं कॉम्प्युटर उघडून तपासला आणि हिला विचारलं, "मॅडम, जुनं कधी काढलंत?"

"आत्ताच. तासभर झाला."

"नाही हो. हे तर मंगळवारीच निघालंय. इथं नोंद आहे, मंगळवार, दुपारी तीन वीस. त्यानंतर यात टायपिंगचं काही नव्हतंच."

"अहो, बुधवारी आणि काल मी याच्यावर एकावन्न रिपोर्ट टाइप केलेत!"

त्यानं शोधलं. तिनं शोधलं. बुधवार, गुरुवारची एकही फाइल नव्हती. सत्तावीस नंबरही नव्हता.

एकावन्न कागद लोकांच्या घरांत आहेत. छापलेले, सही केलेले. कशावर टाइप झाले, ते आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. ताईताला विचारलं तर तो म्हणतो, मी मंगळवारीच काढलं होतं, तुम्हीच माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत. त्यानंतर तो त्या सेंटरला फिरकलेला नाही. फोनवरच दुरुस्ती करतो.

बसवाल्यांचं ऑपरेशन नीट झालं. डावी काढली. सोमवारी धाकटी आपला डबा, पेला आणायला गेली, तर डॉक्टरांनी तिच्या हातात कायम केल्याचा कागद ठेवला. का, ते बोलले नाहीत. तिनं विचारलं नाही.

आता ती कोरं पान घेते. आता नवीन सॉफ्टवेअर आहे, झटपट, गुणी, गोठत नाही, की अडत नाही. पेडल दाबल्याशिवाय बोलत नाही. बोळात तिच्याशिवाय कुणाची पावलं वाजत नाहीत. तुम्ही म्हणाल, मग झालं की चांगलं. मीही तसंच म्हणत होते.

परवा माझ्या गुडघ्याचा फोटो काढला. तिथंच. रिपोर्ट धाकटीनंच टाइप केला आणि संध्याकाळी घरी घेऊन आली. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर लावत वाचलं. सगळं स्वच्छ. कुठं काही खटकलं नाही.

"सगळं बरोबर आहे ना गं?" मी विचारलं.

"हो आई. दोनदा वाचलं."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कुठं काही..."

आणि ती बोलता बोलता थांबली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

"कुठं काही आलं नाही," ती अगदी हळू म्हणाली. "पण आई... आता येतच नाही ना."

सहा वाजले होते. सेंटर सातपर्यंत उघडं असतं.

आम्ही दोघींनी चपला घातल्या आणि विचारायला निघालो.